खाजणातला भराव: खचणं दोन पावसाळ्यांत उरकून घेण्याची रीत

कोकणात रस्ता, बंदराचं आवार किंवा रेल्वेचा फाटा खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे भरती-ओहोटीच्या दलदलीत, उतरला की मुरूम आणि जांभा संपतो आणि काळपट, चिकट, शिंपल्यांची मिसळ असलेली माती सुरू होते. ठाणे आणि पनवेल खाडी, उरण-उलवे पट्टा, धरमतर, खाली दाभोळ, जयगड, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच माती. पेण-अलिबागच्या खारेपाटातले शेतकरी तिला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. खारबांध दरवर्षी थोडा बसतो, म्हणून पावसाळ्याआधी त्यावर माती चढवावी लागते. नाही चढवली तर उधाणाला खांड पडते. बांधाला हे चालून जातं. डांबरी रस्त्याला किंवा कंटेनर यार्डाला चालत नाही.

या मातीत कोरड्या वजनाच्या 60 ते 100 टक्के पाणी असू शकतं. भरावाचं ओझं आधी हे पाणी झेलतं. ते बाहेर पडेल तसतसं ओझं मातीच्या कणांवर येतं, माती दबते आणि भराव खचतो. पाण्याला वाट मात्र फार लांबची असते. थर 10 मीटर जाड, खाली अभेद्य खडक आणि कन्सॉलिडेशनचा, म्हणजे पाणी निघून माती दबण्याच्या वेगाचा, गुणांक वर्षाला 1 चौरस मीटर असेल, तर 90 टक्के खचायला सुमारे 85 वर्षं लागतात. खाली वाळूचा थर असला आणि पाणी दोन्हीकडून निघालं तरी 21 वर्षं. उभे ड्रेन, म्हणजे मातीत खोलवर उभ्या खुपसलेल्या, पाणी वाहून नेणाऱ्या पीव्हीडीच्या पट्ट्या, ही वाट 10 मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणतात.

एक गैरसमज साइटवर सतत भेटतो, तो आधीच काढून टाकायला हवा. ड्रेन मारल्याने जमीन कमी खचत नाही. जेवढी खचायची तेवढीच खचते, फक्त लवकर. आणि वर ओझं नसेल तर ड्रेन काहीच करत नाहीत. ड्रेन मारून वर्षभर मोकळी ठेवलेली जमीन होती तशीच मऊ राहते.

आधी माती वाचा

बोअरमध्ये पातळ भिंतीच्या नळीने नमुने काढा आणि दर मीटरला व्हेन शिअर चाचणी (मातीत पाती फिरवून ताकद मोजणं) घ्या. जाड भिंतीच्या नळीतून आलेला नमुना आधीच मळलेला असतो. त्याची ताकद कमी दिसते आणि दाबाचा आलेख गुळगुळीत होऊन मातीने पूर्वी झेललेला दाब सापडत नाही. प्रयोगशाळेत भारतीय मानक आयएस 2720च्या भाग 15 प्रमाणे कन्सॉलिडेशन चाचणी करा.

काही नमुने लांबीत उभे चिरा आणि एक-दोन दिवस सावलीत अर्धवट वाळू द्या. ओली असताना एकसारखी काळी दिसणारी माती वाळताना पट्टे दाखवू लागते: रेतीची किंवा शिंपल्याच्या चुऱ्याची पातळ रेघ आधी वाळते आणि फिकी पडते. अशा रेघा असतील तर पाणी आडवं जोरात वाहतं आणि ड्रेन अपेक्षेपेक्षा भराभर काम करतात. कन्सॉलिडेशनचा आडवा गुणांक उभ्याच्या दीडपट धरायचा की तिप्पट, हे ठरवायला या रेघांची मोठी मदत होते. पिझोकोन चाचणी (पाण्याचा दाब मोजणारा शंकू जमिनीत दाबणं) परवडत असेल तर तो दाब किती वेळात ओसरतो ते पाहून हा गुणांक थेट काढता येतो. तो खर्च वाचवू नका.

किती खचेल

एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. चिकणमाती 10 मीटर, पाणी जमिनीच्या पातळीला, बुडालेल्या मातीचं वजन घनमीटरला अर्धा टन, दाबनिर्देशांक (दाब वाढला की माती किती दबते त्याचं माप) 0.6, सुरुवातीचं रिक्तता गुणोत्तर (पोकळ्यांचं कणांशी प्रमाण) 1.9, न निचरलेली ताकद (पाणी निघायच्या आधीची) चौरस मीटरला 1 टन. वर 4 मीटर भराव हवा आहे, मुरुमाचं वजन घनमीटरला 1.9 टन. म्हणजे ओझं 7.6 टन.

सगळा थर एकच धरून मध्यावरचा दाब घेतला तर खचण सुमारे 1.25 मीटर येते. दोन-दोन मीटरचे पाच थर करून बेरीज घेतली तर 1.46 मीटर येते, कारण वरच्या थरांवर आधी जवळपास काहीच ओझं नव्हतं आणि तेच सर्वांत जास्त दबतात. हिशेब थर पाडूनच करा.

इथेही तो संपत नाही. भराव दीड मीटर खचला तर रस्ताही दीड मीटर खाली जाईल. पातळी राखायला तेवढा मुरूम आणखी टाकावा लागतो. खाली गेलेला मुरूम पाण्यात बुडून हलका होतो, पण त्याचंही ओझं आहेच, घनमीटरला सुमारे 1 टन. ते धरून पुन्हा हिशेब केला की दोन-तीन फेऱ्यांत आकडा 1.6 मीटरवर येऊन थांबतो. मापपुस्तकात 4 मीटर दिसणाऱ्या भरावाला प्रत्यक्षात 5.6 मीटर जाडीचा मुरूम लागतो. निविदेत हे प्रमाण धरलेलं नसेल तर पुढे कंत्राटदार आणि खातं यांच्यात वाद ठरलेला.

ड्रेनमधलं अंतर पावसाळा ठरवतो

नेहमीची पट्टी 100 मिलीमीटर रुंद आणि 3 ते 5 मिलीमीटर जाड असते: आत खाचांचा प्लॅस्टिक गाभा, बाहेर न विणलेल्या कापडाचं आवरण. हिशेबासाठी ती सुमारे 66 मिलीमीटर व्यासाच्या गोल ड्रेनइतकी धरतात. मांडणी त्रिकोणी असेल तर एका ड्रेनच्या वाट्याचा व्यास अंतराच्या 1.05 पट, चौकोनी असेल तर 1.13 पट.

90 टक्क्यांचा काळ असा काढा. या व्यासाचा वर्ग करा, आडव्या गुणांकाच्या आठपटीने भागा, 2.3 ने गुणा आणि शेवटी एका गुणकाने गुणा. हा गुणक म्हणजे वाट्याचा व्यास भागिले ड्रेनचा व्यास, त्याचा नैसर्गिक लॉग, उणे 0.75. त्यात मळलेल्या मातीची भर पडते, कारण मँड्रेल, म्हणजे पट्टी खाली नेणारी पोकळ लोखंडी नळी, आत जाताना आजूबाजूची माती चोळली जाते आणि तिच्यातून पाणी सावकाश येतं. ड्रेनच्या तिप्पट व्यासापर्यंत माती मळली आणि तिची पाझरक्षमता निम्मी झाली असं धरलं, तर गुणकात 1.1 वाढतात.

आडवा गुणांक वर्षाला 1.5 चौरस मीटर घेतला तर त्रिकोणी मांडणीत 1 मीटर अंतराला 8 महिने लागतात, 1.2 मीटरला 12 महिने आणि दीड मीटरला 20 महिने. मळलेली माती विसरलात तर 1 मीटरचं उत्तर 5 महिने येतं. कागदावरचं वेळापत्रक बहुतेक वेळा इथेच फसतं.

हेक्टरी ड्रेन मोजा: 1 मीटरला सुमारे 11,550, 1.2 मीटरला 8,020, दीड मीटरला 5,130. लगेच 1.2 मीटर घेण्याचा मोह होतो. पण पुढे दिसेल की भराव टप्प्याटप्प्याने चढवावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर 80 टक्क्यांपर्यंत थांबावं लागतं. 1 मीटर अंतराला ही थांबण साडेपाच महिन्यांची, 1.2 मीटरला साडेआठ महिन्यांची. कोकणात माती टाकायला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने मिळतात. साडेपाच महिन्यांच्या थांबणीत वर्षाला दोन टप्पे बसतात, साडेआठच्या थांबणीत एकच. ड्रेनवर वाचवलेले पैसे पुढच्या दोन वर्षांच्या मशिनरीच्या भाड्यात जातात.

एका वेळी किती चढवायचं

मऊ जमीन एका वेळी किती ओझं पेलेल याचा ढोबळ हिशेब: ताकद गुणिले 5.14, भागिले 1.3. ताकद 1 टन असेल तर 3.95 टन, म्हणजे जेमतेम 2.1 मीटर मुरूम. त्यात यंत्रांसाठीचा प्लॅटफॉर्म आणि निचऱ्याचा रेतीचा थरही आला. 80 टक्के कन्सॉलिडेशन झालं की ताकद वाढते: ओझ्याच्या सुमारे 22 टक्के, त्याच्या 80 टक्के. इथे 0.7 टनाची भर पडून ताकद 1.7 टन होते आणि जमीन 6.7 टन पेलते. तिसऱ्या टप्प्यात 9 टनांच्या आसपास. सरचार्ज, म्हणजे खचण लवकर उरकायला तात्पुरतं ठेवलेलं जादा ओझं, धरला तर चौथा टप्पा लागतो. टप्पे कमी करायचे असतील तर दोन्ही बाजूंना रुंद बर्म (पायथ्याशी बुटका भराव) द्या किंवा तळाला जिओग्रिड (मजबुतीची जाळी) घाला. हा ढोबळ हिशेब आराखड्यापुरता. प्रत्येक टप्प्याला उताराच्या स्थैर्याचं रीतसर गणित वेगळं करा.

कॅलेंडर साधारण असं बसतं. ऑक्टोबर ते डिसेंबर प्लॅटफॉर्म आणि ड्रेन, डिसेंबरअखेर पहिला टप्पा पूर्ण. दुसरा टप्पा मेअखेर, मृग लागायच्या आत. तो पावसाळाभर ठेवायचा. तिसरा ऑक्टोबरात, चौथा आणि सरचार्ज मार्च-एप्रिलमध्ये. दुसरा पावसाळा त्याच ओझ्याखाली जाऊ द्या आणि ऑक्टोबरात सरचार्ज काढा. पावसाळा वाया गेला असं मानू नका, जमीन त्याच काळात काम करत असते.

प्लॅटफॉर्म आणि रेतीचा थर

कांदळवन असेल तर परवानगीशिवाय एक फांदीही तोडू नका. परवानगी असलेल्या जागेत झाडं जमिनीलगत कापा, मुळं उपटू नका. मुळांच्या जाळ्याने वरचा पापुद्रा धरून ठेवलेला असतो. तो फाटला की डोझर आत जातो.

त्यावर विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा आणि मुरूम 300 मिलीमीटरच्या थरात हलक्या डोझरने पसरा. टिपरने एकाच टोकाला ढीग ओतला की समोर चिखलाची लाट उठते, ती कापडाखाली अडकते आणि तिथे मातीची ताकद पार जाते. जमीन इतकी मऊ असेल की लाट उठणारच, तर आधी दोन्ही कडांना भरून कापड ताणून घ्या आणि मग मध्य भरा. जमीन थोडी घट्ट असेल तर उलट, मध्यापासून कडांकडे या.

यावर निचऱ्याचा थर, 300 ते 500 मिलीमीटर. ड्रेनमधून वर आलेलं पाणी यातूनच बाहेर जायचं असतं. 75 मायक्रॉनखालचे कण 5 टक्क्यांहून जास्त नकोत. नदी-खाडीची रेती आता सहज मिळत नाही, म्हणून क्रश सँड वापरतात. ती धुतलेलीच घ्या. न धुतलेल्या क्रश सँडमधली दगडाची भुकटी पहिल्या पावसात खाली बसते आणि पट्ट्यांच्या तोंडावर सिमेंटसारखा पापुद्रा धरते. साधी तपासणी: बादलीत दोन मुठी रेती ढवळा आणि अर्धा मिनिट थांबा. वरचं पाणी गढूळच राहिलं तर तो ट्रक परत पाठवा.

थरात छिद्रांचे पाइप घालून पाणी कडेच्या सम्पमध्ये (पाणी गोळा करण्याच्या खड्ड्यात) आणा. सम्पचं तोंड भरतीच्या पाण्याखाली जात असेल तर खारबांधाच्या उघाडीला असते तशी एकाच बाजूला उघडणारी झडप बसवा आणि पंप ठेवा. उधाणाच्या दिवसांत झडप नसेल तर खाडीचं पाणी उलट थरात शिरतं आणि गाळ सोडून जातं.

ड्रेन मारणं

पोकलेनवर बसवलेल्या मास्टमधून मँड्रेल शक्यतो दाबूनच खाली न्या. कंपनाने माती जास्त मळते. व्हायब्रेशन फक्त वरचा मुरूम फोडण्यापुरतं ठेवा, आणि मुरूम फारच कडक असेल तर ऑगरने आधी भोक पाडा. मँड्रेलचा छेद जितका लहान तितकं बरं.

पट्टीचं टोक पत्र्याच्या छोट्या अँकर प्लेटमधून दुमडून घ्या. मँड्रेल वर काढताना रोलकडे लक्ष ठेवा. अँकर रुतला नसेल तर पट्टी मँड्रेलबरोबर वर येते आणि वरच्या बाजूला ढिली पडून गोळा होते. 300 मिलीमीटरहून जास्त वर आली तर तो ड्रेन बाद धरा आणि शेजारी दुसरा मारा. पट्टी रेतीच्या थराच्या वर 200 ते 300 मिलीमीटर ठेवून कापा आणि थरात आडवी झोपवा. रोल संपला तर जोड असा द्या: एका पट्टीचं कापड उघडून दुसरी पट्टी 300 मिलीमीटर आत सरकवा, गाभ्याला गाभा लावा, कापड वर ओढून स्टेपल मारा. कापडावर कापड ठेवून स्टेपल मारलेला जोड पाणी अडवतो.

प्रत्येक ड्रेनची खोली नोंदवा आणि बोअरशी ताडून पाहा. शेजारचे सगळे 10 मीटर गेले आणि एक 6 मीटरवर थांबला, तर तिथे जुन्या बांधाचा दगड असण्याची शक्यता मोठी. अर्धा मीटर सरकून पुन्हा मारा. सलग रांगच 6 मीटरवर थांबत असेल तर खडक वर आला आहे, बेसाल्टचा तळ असा अचानक उचलला जातो. संध्याकाळी वापरलेले रोल मोजा. नोंदवलेल्या खोल्यांची बेरीज आणि संपलेल्या रोलची लांबी जुळत नसेल तर त्या दिवसाचे ड्रेन पूर्ण खोलीला गेलेले नाहीत. हा हिशेब दहा मिनिटांचा आहे, पण रोजचा रोज व्हायला हवा. महिन्याने केला तर दोष कुठल्या रांगेत आहे ते कळत नाही.

मोजमापं: निर्णय यांच्यावरच

खचण मोजायला 600 मिलीमीटर चौरस लोखंडी प्लेट, त्यावर 25 मिलीमीटरचा जीआय पाइप आणि त्याभोवती मोकळा मोठा पाइप. हा बाहेरचा पाइप नसेल तर मुरूम आतल्या पाइपाला धरून खाली ओढतो आणि रीडिंग चुकतं. भराव वाढेल तसे पाइपला एक-एक मीटरचे तुकडे जोडा. जोडण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा लेव्हल घ्या. पाइपभोवती लाल झेंडे आणि दगडांचं कडं हवंच. डंपरच्या धक्क्याने वाकलेली प्लेट म्हणजे तिथला सगळा इतिहास गेला. बेंचमार्क, म्हणजे लेव्हल ज्याच्याशी ताडायची ती खूण, भरावापासून लांब, उघड्या कातळावर. खाजणातल्या विजेच्या खांबावर किंवा मोरीच्या कठड्यावर ठेवलेला बेंचमार्क स्वतःच खचतो, आणि मग सगळं छान चाललं आहे असं वाटतं.

मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर तीन ड्रेनच्या बरोबर मध्यभागी बसवा, थराच्या मध्यावर. ड्रेनला चिकटून बसवला तर पाण्याचा दाब लगेच उतरलेला दिसतो, पण मधली माती तशीच असते. भरतीबरोबर रीडिंग वर-खाली होतं, म्हणून लांबवर एक साधा पिझोमीटर तुलनेसाठी ठेवा. पायथ्याला जमीन बाजूला किती सरकते ते मोजणारा इनक्लिनोमीटर, आणि निदान खुंट्यांची एक सरळ रांग.

भरताना रोज, नंतर आठवड्याला रीडिंग घ्या. पायथा दिवसाला 5 मिलीमीटरहून जास्त बाहेर सरकला किंवा मध्य दिवसाला 10 ते 20 मिलीमीटरहून जास्त खचू लागला तर भराव थांबवा. दोन्ही एकत्र पाहा. मध्य खचतो आहे, पायथा स्थिर आहे, पाण्याचा दाब उतरतो आहे: पाणी निघतं आहे, सगळं ठीक. मध्य खचतो आहे, दाब तसाच आहे आणि खुंट्या बाहेर झुकू लागल्या आहेत: माती बाजूला पिळून निघते आहे. अशा वेळी वरचा मुरूम काढून पायथ्याशी टाका, लगेच.

ओझं स्थिर झाल्यावर शेवटची खचण रीडिंगांवरूनच काढता येते. असाओका यांच्या 1978 च्या पद्धतीचा हा सोपा अवतार आहे. दर पंधरा दिवसांची रीडिंगं समजा 800, 920, 1022, 1109, 1182 मिलीमीटर आली. फरक 120, 102, 87, 73. प्रत्येक फरक आधीच्याच्या सुमारे 0.85 पट आहे. उरलेली खचण म्हणजे शेवटचा फरक गुणिले 0.85 भागिले 0.15, इथे 414. एकूण 1596, म्हणजे आपल्या 1.6 मीटरच्या गणिताशी जुळतं आणि आज 74 टक्के झालं आहे. 80 टक्के व्हायला 1280 हवेत, पुढचा टप्पा अजून महिनाभर चढवता येणार नाही. हे गुणोत्तर 0.95 येऊ लागलं तर रेतीचा थर तुंबला आहे का ते सम्पवर जाऊन पाहा. ओझं बदलत असताना हे गणित करू नका, आणि रीडिंगांमधलं अंतर समान ठेवा.

सरचार्ज आणि त्यानंतरचं

90 टक्क्यांवर थांबलो तर 160 मिलीमीटर खचण रस्त्याखाली राहते. म्हणून अंतिम खचण 1.78 मीटर होईल इतकं जादा ओझं ठेवायचं, म्हणजे 90 टक्क्यांवरच 1.6 मीटर गाठले जातात. आपल्या उदाहरणात त्याला सुमारे दीड मीटर जादा मुरूम लागतो. सरचार्ज काढण्याचा दिवस करारातली तारीख ठरवत नाही. प्लेट आणि पिझोमीटर दोन्ही हो म्हणतील तेव्हाच काढा.

यानंतरही माती हळूहळू दबत राहते, पाण्याचा दाब संपल्यावरसुद्धा. या मातीसाठी दुय्यम दाबगुणांक दाबनिर्देशांकाच्या सुमारे 4 टक्के धरला तर दहापट काळात 80 मिलीमीटर, म्हणजे आठव्या महिन्यापासून पुढच्या सहा वर्षांत तेवढी खचण. सरचार्ज नीट वापरला असेल तर यातला बराच भाग टळतो.

पुलाच्या जोडरस्त्याला ही 80 मिलीमीटर सर्वांत आधी दिसतात, कारण पूल पाइलवर, म्हणजे खोल नेलेल्या खांबांवर, उभा असतो आणि खचत नाही. तिथे भराव आणि सरचार्ज आधी, पाइल नंतर. क्रम उलटा केला तर खचणारी माती पाइलला खाली ओढते आणि बाजूने ढकलतेही. मोऱ्यांचंही तसंच. भरती-ओहोटीचं पाणी जाऊ देणारी पाइप मोरी आधी बांधली तर तिचं पोट मध्यभागी खाली जातं, सांधे उघडतात, आत गाळ साचतो आणि वरच्या बाजूच्या खाजणात पाणी तुंबून शेती जाते. सरचार्जच्या काळात पाण्याला बाजूने तात्पुरती वाट द्या, भराव बसल्यावर तिथे खोदून मोरी बांधा. आधी बांधणं भागच असेल तर मध्य वर ठेवून बांधा आणि किती वर ते खचणीच्या हिशेबातून घ्या.

पावसाळ्यात भरावाच्या माथ्याला 2 ते 3 टक्के उतार ठेवा आणि कडेच्या ताली रोज पाहा. माथ्यावर साचलेलं फूटभर पाणी म्हणजे चौरस मीटरला 0.3 टन जादा ओझं, तेही जमीन सर्वांत नाजूक असताना. काही प्लेट रस्त्याच्या कडेला झाकणाखाली तशाच ठेवा आणि रस्ता सुरू झाल्यावरही वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, रीडिंग घेत राहा.